दोन बोटं सैल

आधी एक सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मोठा शोध लावल्यासारखं तोंड करायला नको. मला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहिले तरी माझा हात दुसऱ्या कुणाचा तरी हात शोधतो. आणि तरीही गेली अकरा वर्षं, ठाकुर्ली पूर्वेला, आठ बाय दहाच्या गाळ्यात, थंड समुद्रात आणि तलावात पोहायला निघालेल्या माणसांना मी कपडे चढवते. कुणाला यात विसंगती दिसत असेल तर खुशाल दिसू दे. बाळंतपणं करणाऱ्या पुरुष डॉक्टरला कुणी विचारतं का, की साहेब, तुम्ही स्वतः कितीदा बाळंत झालात?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमचा प्रवास लिहा' असं सांगितलंय. प्रवास कसला डोंबलाचा! ब्लाउज शिवत होते. मग पालिकेच्या तरणतलावावरच्या लेडीज बॅचसाठी पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे शिवायला लागले, कारण दुकानात मिळायचे ते घालून आमच्या बायका पाण्यात काय, आरशासमोरही उभ्या राहिल्या नसत्या. मग एक दिवस एक गृहस्थ रबराचा फाटका सूट घेऊन आले. झाला प्रवास. त्यापेक्षा मी एका चुकीबद्दल आणि एका बाईबद्दल लिहिते.

पण आधी तो सूट म्हणजे काय ते सांगायला हवं. ट्रायथलॉन नावाचा एक उपद्व्याप आहे. आधी पोहायचं, त्या ओल्या अंगानं सायकल मारायची, सायकल टाकून धावायचं, आणि हे सगळं एका दमात, घड्याळ लावून. आमच्या भागात हे खूळ घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून आलं. दिवसभर गाडीत बसून ट्रॅफिकला शिव्या घालणारी माणसं पहाटे उठून पळायला लागली, मग सायकली आल्या, मग पोहणं. मी हसत नाही हो त्यांना. चाळिशी उलटल्यावर नवीन काही शिकायला जिगर लागते. यातली काही मंडळी परदेशातल्या स्पर्धांना जातात आणि तिथलं पाणी आपल्या फ्रिजमधल्या बाटलीसारखं. त्या पाण्यात टिकायला लागतो तो वेटसूट. मऊ, जाड रबर, आत हवेचे बारीक बारीक बुडबुडे. मानेपासून घोट्यापर्यंत. त्याच्या आत पाण्याचा पातळ थर शिरतो, अंगाच्या उबेनं तापतो आणि तिथेच राहतो. राहिला तर! सूट सैल असेल तर ते ऊन पाणी बाहेर पडतं, नवं गार पाणी आत येतं, आणि माणूस पाण्याची पिशवी अंगात घालून पोहत बसतो. म्हणून सूट कातडीसारखा बसावा लागतो. बाहेर उभं राहून घातला की जरा गुदमरल्यासारखंच व्हायला हवं, पाण्यात गेल्यावर तो सुटतो. एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात शिरवायला मला अर्धा अर्धा तास लागतो.

कारण आपली माणसं! आपल्याकडे कपडा घेताना पहिला प्रश्न काय, तर "थोडा मोठा नाही का?" पोराचा युनिफॉर्म वाढत्या मापाचा, लग्नातला कोट पुढच्या तीन लग्नांना चालेल असा. एक गृहस्थ तर म्हणाले, "मावशी, डबल एक्सेल द्या, म्हणजे माझ्या साडूलाही होईल." मी म्हटलं, "मग साडूलाच पाठवा पोहायला." एकाने चेन पुढे घेऊन सूट घातला आणि आरशात बघून म्हणाला, "मस्त बसलाय." चेन पाठीवर असते, बाबा! एकाने सहज चढावा म्हणून अंगभर खोबरेल तेल चोपडून घेतलं आणि आठवड्याभरात गळ्यापाशी रबर फुगवून आणलं. आणि एकीच्या सासूबाईंनी, बिचाऱ्यांनी प्रेमानेच, सूट इस्त्रीवाल्याकडे टाकला. त्या इस्त्रीवाल्याची इस्त्री आजही माझ्या गाळ्यात पडून आहे, तळाला काळं रबर चिकटलेली. नवीन गिऱ्हाइकाला मी ती दाखवते.

निम्म्या लोकांना मी परतही पाठवते. "कुठे पोहणार?" म्हणून विचारते. उबदार पाण्याची जागा सांगितली की म्हणते, "मग नको घेऊ, तिथे घालूही देत नाहीत." तरी काहीजण अडून बसतात. मग कळतं की त्यांना थंडीची नाही, बुडण्याची भीती आहे, आणि हा सूट तरंगवतो असं कुणीतरी सांगितलंय. तरंगवतो, खरं आहे ते. पण भीतीवर सूट चढत नाही. "दोन महिने तलावावर जा, वंदनाच्या बॅचला बस, मग ये," असं मी सांगते. ही वंदना कोण ते पुढे येईलच. आमचे हे म्हणतात, "अगं, दुकान चालवायचंय की बंद करायचंय?" आमचे हे म्हणजे मधुकर. डोंबिवली एमआयडीसीत रबराच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. तो पहिला फाटका सूट त्यांनीच चिकटवला होता, आणि रबर कसं जोडायचं ते मला शिकवलंही त्यांनीच. फक्त बोलताना आव असा की जणू रबराचा शोध यांनी लावला.

आता ती चूक.

शिरीष म्हणून एक मुलगा होता. मुलगा म्हणजे अडतीस वर्षांचा, पण माझ्यासमोर मुलगाच. ठाण्याचा, काडीसारखा, स्वभावानं इतका गरीब की चहा दिला तर कप विसळून ठेवायचा. परदेशातल्या एका स्पर्धेसाठी दीड वर्ष त्याने तयारी केलेली. परदेशातून सूट मागवलेला, नवाकोरा, आणि माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "मावशी, छातीत फार घट्ट होतो. श्वास लागतो. थोडा सैल करून द्याल?"

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. शिवणकामाच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी आमच्या बाईंनी शिकवलेलं: अंगापेक्षा दोन बोटं सैल. बाईला हात वर करून डबा काढायचा असतो, मूल कडेवर घ्यायचं असतं, दिवाळीचा फराळ अंगाला लागणार असतो. टेप लावायचा तो आत दोन बोटं घालून. पस्तीस वर्षं माझी बोटं त्या टेपखाली जात आलेली. ती सांगून जात नाहीत, आपोआप जातात. मी शिरीषच्या सुटाला दोन्ही बगलांखाली पट्ट्या घातल्या, इतक्या सफाईनं की मूळ कंपनीवाल्याला कळलं नसतं. त्याने घातला, हात फिरवले, मोठा श्वास घेतला आणि चेहरा खुलला. "मावशी, आता किती छान वाटतंय!" म्हणाला. मी फुशारून गेले. आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, परदेशी कंपनीला जमलं नाही ते मी केलं."

तिथल्या समुद्रात अर्ध्या वाटेत त्याला होडीत ओढून घेतला. थंडीनं दातखीळ बसलेली. जिवावरचं निभावलं, पण स्पर्धा तिथेच संपली. परत आला तेव्हा सूट काउंटरवर ठेवला, नीट घडी घालून. मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं त्याने. तो म्हणाला, "मावशी, पाठीत पाणी खेळत होतं. थांबतच नव्हतं." मग म्हणाला, "पण घालताना खरंच फार छान वाटत होता हो."

तो पुन्हा आला नाही. मी दोनदा फोन केला, तो दोन्ही वेळा गोड बोलला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सायकलही विकली असं नंतर कळलं. लोक म्हणाले, अहो, तो मुळातच कच्चा होता, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? मी लावून घेते. चूक माझ्या हातून झाली, माझीच आहे, आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालणार नाही. त्या दिवसापासून गाळ्यात पाटी लावली: 'इथे सैल काही मिळणार नाही.' ब्लाउजवाल्या बायका वाचून हसायच्या. हसू देत.

आणि आता वंदना. वंदना दिवा स्टेशनजवळच्या खाडीकाठच्या गावातली, जिथे आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि नळाला पाणी नाही. लहानपणी ती खाडीत पोहली, चिखलात वाढली. पालिकेच्या तरणतलावावर लेडीज बॅच शिकवायची. वय चव्वेचाळीस. उंची जेमतेम पाच फूट, खांदे पैलवानाचे, दंड माझ्या मांडीएवढे आणि कंबर चांगली भरलेली. घोडबंदरच्या एका ग्रुपमधल्या आठ जणांना तिनेच पोहायला शिकवलेलं. त्यातले चारजण तर सुरुवातीला पायरी सोडायला तयार नव्हते, तिनं हाताला धरून उतरवले. त्या ग्रुपचा एक कोच होता, निखिल सर म्हणायचे त्याला. हुशार, शिस्तीचा, हातात कायम घड्याळ आणि फोनमध्ये तक्ते. परदेशातल्या एका तलावावर स्पर्धा होती, पाणी इतकं थंड की सूट सक्तीचा. आठांबरोबर वंदनाचंही नाव घातलेलं. सायकल आणि पळणं तिनं तीन वर्षं घाम गाळून शिकून घेतलेलं. व्हिसा झाला, तिकीट झालं. मग सगळ्यांचे सूट मागवायची वेळ आली आणि वंदना तक्त्यात बसेना.

प्रत्येक कंपनीचा मापांचा तक्ता असतो. उंची, वजन, छाती. तसाच एक माझ्याही भिंतीवर लावलेला आहे. पाच फुटाच्या बाईचे खांदे एवढेच असायला हवेत असं त्या तक्त्यानं ठरवून टाकलेलं. बायकांचा सूट तिच्या दंडात अडकला. पुरुषांचा खांद्याला बसला, पण पायाला वीतभर लांब, कमरेत चढेना, आणि कसाबसा चढवला तर पाठीच्या खोलगट जागी हात आत जाईल एवढी पोकळी. निखिल सर तिला म्हणाले, "ताई, या वेळी तुम्ही सपोर्ट टीममध्ये चला. सामान सांभाळायला कुणीतरी लागतंच."

हे तिने मला सांगितलं तेव्हा स्पर्धेला तीन आठवडे उरलेले. स्टुलावर बसली होती, मांडीवर पुरुषांचा सूट घेऊन.

"मावशे, माझ्या हाताखाली शिकलेली आठ जना जातान, न मी काय त्यांच्या चपला राखाला जाऊ?" ती म्हणाली. "त्या कागदान माझा माप नाय, त त्यात माझा काय दोष?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पस्तीस वर्षं मी बायका मापतेय. एकही बाई मला तक्त्यासारखी भेटलेली नाही. एक खांदा खाली, एक वर, एकीची पाठ मशीनवर बसून वाकलेली, एकीचं पोट ऑपरेशननंतर एका बाजूला. आम्ही कधी कुणाला म्हटलं नाही की बाई, तू ब्लाउजात बसत नाहीस, घरी जा. "ऊठ," मी तिला म्हटलं, "हात वर कर."

मापं घेताना बायका पोट आत घेतात. सगळ्या, अगदी सत्तरीच्यासुद्धा. म्हणून मी एकदा माप घेते, मग गप्पा मारता मारता गुपचूप दुसऱ्यांदा घेते, आणि दुसरं खरं मानते. वंदनाचं पहिलं आणि दुसरं माप एकच आलं. त्या बाईला स्वतःच्या अंगाची लाजच नव्हती. मला ती तिथेच आवडून गेली.

दुसऱ्या दिवशी निखिल सर गाळ्यावर हजर. "मावशी, असा घरगुती सूट चालत नाही. रिस्क आहे."

"नियम दाखवा," मी म्हटलं. त्यांनी फोनवर नियम काढले. मी चष्मा लावून त्यांच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. जाडी पाच मिलिमीटरच्या वर नको, एवढंच होतं. कुठल्या कंपनीचा हवा ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. "मोजपट्टी माझ्याकडे आहे, सर," मी म्हटलं. "आणि रिस्कचं म्हणाल तर, तुमच्या आठ जणांना पाण्यात सोडताना वंदनानं घेतली नव्हती का?" त्यांनी फोन खिशात टाकला. पण जाता जाता म्हणाले, "मी आधी टेस्ट घेणार. नाही पास झाला तर नाही." ते योग्यच होतं, आणि मी तसं त्यांना म्हटलंही.

काम असं होतं. पुरुषांच्या सुटाचे खांदे, छाती आणि बाह्या घ्यायच्या. माझ्याकडे एका जाड बाईचा छातीवर फाटलेला जुना सूट होता, त्याची कंबर आणि पाय घ्यायचे. दोन्ही कमरेच्या जरा वर जोडायचे. लिहायला दोन ओळी. रबराची शिवण कापडासारखी एकावर एक ठेवून घालत नाहीत. दोन कडा समोरासमोर आणून सोल्यूशनचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, मग कडा दाबून चिकटवायच्या. ते आमच्या ह्यांचं काम. त्यानंतर वाकड्या सुईनं हातशिलाई, आणि सुई रबराच्या निम्म्या जाडीतूनच परत वर यायला हवी. आरपार गेली की तिथे भोक, आणि भोक म्हणजे पाणी. त्या शिलाईनं माझ्या अंगठ्याचं पेर सुजलं. हे सोल्यूशनचा ब्रश हातात धरून वर्गावर शिकवल्यासारखे बोलत होते आणि मी त्यांना म्हणत होते, "तुम्ही फक्त चिकटवा हो, भाषण नंतर." अकरा दिवस लागले.

टेस्ट आमच्या सोसायटीच्या आवारात झाली. बर्फाचं पाणी हवं होतं, आणि माणूस आडवा मावेल एवढी टाकी आमच्याकडे एकच, गणपती विसर्जनाची. प्लास्टिकची, निळी. वंदनाच्या भावानं मासळीवाल्यांकडून बर्फाच्या लाद्या आणल्या. रविवारी सकाळी अर्धी सोसायटी गॅलरीत. सेक्रेटरी धावत खाली आले. "अहो मावशी, ही बाप्पाची टाकी आहे!"

"म्हणूनच घेतलीय," मी म्हटलं. "अपशकुन तरी होणार नाही."

वंदना पायाला भाजीच्या पिशव्या बांधून सुटात शिरली, कारण पिशवी असली की पाय सरकन जातो. बांगड्या काढलेल्या, नखं मी स्वतः कापलेली. चेन लावली. ती टाकीत आडवी झाली, निखिल सरांनी घड्याळ लावलं. दहा मिनिटं, पंधरा, वीस. ती हात मारत होती, पाय हलवत होती, ओठ निळे नाहीत, दात वाजत नाहीत. पंचविसाव्या मिनिटाला सर म्हणाले, "पास. मावशी, मान गये." गॅलरीतून टाळ्या पडल्या. आमच्या ह्यांनी तर हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, जणू निवडून आले.

वंदना टाकीतून बाहेर आली, पाणी निथळत, आणि हसून म्हणाली, "मावशे, कवरा छान वाटतंय गो! अंगान हाय असा कलतच नाय."

मला शिरीष दिसला. काउंटरवर नीट घडी घालून ठेवलेला तो सूट दिसला. टाळ्या अजून चालूच होत्या. मी तिच्या मागे गेले आणि कमरेच्या वर, मी घातलेल्या शिवणीपाशी, पाठीच्या खोलगट जागी बोटं दाबून पाहिली. रबर चिमटीत आलं. बरोबर दोन बोटं.

मी ते केलं होतं. अकरा दिवस पाटीखाली बसून, स्वतःला शंभरदा बजावून, माझ्या हातांनी ते केलंच होतं. टाकीत माणूस पडून राहतो, पाणी उभं असतं, म्हणून चाललं. तलावात लाटा असतात, बाई प्रत्येक हाताला वळते, पाठ उघडते मिटते. तिथे ते पाणी खेळलं असतं. मी म्हटलं, "काढ सूट."

"का?"

"उसवायचाय."

तिथे जो गोंधळ झाला तो विचारू नका. निखिल सर म्हणाले, "मावशी, पास झालाय! सहा दिवसांत फ्लाइट आहे!" आमचे हे म्हणाले, "अगं, ते जोड पुन्हा नीट धरतील की नाही कोण जाणे, रबर दोनदा कापलं की कड मरते." ते बरोबर होतं आणि म्हणूनच मला अधिक राग आला. वंदनानं तर सुटाच्या बाह्या छातीशी धरल्या. "फाडू नको गो मावशे! झालाय ना चांगला! गेला त मी जानार कशी? सगलेच बोलतान चांगला हाय, तुनाच कसा वाईट दिसतो?"

मी काय सांगणार? तिला शिरीषची गोष्ट माहीत नव्हती. मी तिथेच, ओल्या फरशीवर, सगळ्या सोसायटीसमोर ती सांगितली. दीड वर्षाची तयारी, होडी, दातखीळ, सगळं. "एकाला मी छान वाटेल असा सूट दिला होता," मी म्हटलं. "तुला देणार नाही. तुला रडवेन, पण पोहवेन. विश्वास नसेल तर हा घे आणि जा, मी हात लावत नाही."

तिने सूट अंगातून सोलून काढला. मग तो माझ्या हातात दिला आणि तडक घरी गेली. ती चिडली होती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

मी शिवण उसवली. कड दीड बोट कापली, दोन बोटं नाही, कारण रबर ताणतं. ह्यांनी सोल्यूशनचे तीनऐवजी चार हात दिले आणि पहिल्यांदाच काही भाषण केलं नाही. मी सुटाला टेप लावताना डाव्या हाताची दोन बोटं दोऱ्यानं एकत्र बांधून ठेवली, म्हणजे ती चुकूनही टेपखाली शिरायला नकोत. हसाल तुम्ही. पण माझ्या बोटांवर माझा विश्वास उरला नव्हता. पाचव्या दिवशी सुटाची कंबर खाली बांधून आत पाणी भरलं आणि शिवण बाहेरून जुन्या साडीनं पुसून बघितली. एक थेंब नाही.

वंदना आली, पिशव्या बांधून सूट घालायला लागली. चेन लावायला आम्ही दोघं लागलो. चेन वर गेली आणि तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती दिवाळी अंकात छापता येणार नाही. "दम कोंडतंय गो! मारतेस का मना?" मी पाठीवर बोट दाबून पाहिलं. चिमटीत काही आलं नाही.

"आता बसला," मी म्हटलं. दुसऱ्यांदा टेस्ट घ्यायला ना वेळ होता ना बर्फ. दुसऱ्या दिवशी ती विमानात बसली.

स्पर्धेच्या दिवशी मी गाळा उघडला नाही. घरी बसून तांदूळ निवडले, जे निवडलेलेच होते. दुपार टळली तरी फोन नाही. आमचे हे तीनदा म्हणाले, "रबर धरेल," आणि तिसऱ्यांदा त्यांच्या आवाजात प्रश्नचिन्ह होतं. मग निखिल सरांच्या फोनवरून वंदनाचा आवाज आला. मागे कुणीतरी परदेशी भाषेत भोंग्यावर ओरडत होतं. ती पोहून, सायकल मारून, पळून आली होती. पळण्यात मागची, अगदी शेवटच्या काहींमधली, पण वेळेत. आणि पाण्यातून आपल्या आठांच्या आधी बाहेर आली होती.

"मावशे," ती धापा टाकत म्हणाली, "पाठीन पानी खेलला नाय."

मी फोन ह्यांच्याकडे दिला. त्यांनी तिला पाच मिनिटं रबराबद्दल सांगितलं.

मी त्या संध्याकाळी शिरीषलाही फोन लावला. सगळं सांगितलं, उसवण्यासकट. तो ऐकून घेत होता. म्हणाला, "बरं झालं, मावशी." सायकल पुन्हा घेतली का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. ती चूक भरून निघाली असं मी म्हणत नाही. एकाचं झालेलं नुकसान दुसरीच्या कौतुकात वळतं करता येत नाही, आणि कुणी मला तसं समजावू नये.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा तो छापील तक्ता घेतला आणि शेवटच्या ओळीखाली मार्करनं नवी ओळ ओढली. उंची पाच फूट, खांदे, दंड, कंबर, सगळी तिची मापं. आणि पहिल्या रकान्यात, जिथे वर एस, एम, एल असतं, तिथे लिहिलं: वंदना. कंपनीचा एक प्रतिनिधी आला होता, तो म्हणाला, "मॅडम, असं लिहिता येत नाही." मी म्हटलं, "लिहिलंय की."

गेल्या महिन्यात निखिल सर आले. बरोबर एक पन्नाशीची बाई, बुटकी, रुंद, खांदे पाडून उभी, इतक्या ठिकाणी 'तुमचं माप नाही' ऐकून आलेली की दारातूनच माफी मागितल्यासारखी हसत होती. सर तक्त्यासमोर उभे राहिले, बोट सगळ्या ओळींवरून खाली आणत शेवटच्या ओळीवर थांबवलं आणि मला म्हणाले, "मावशी, यांना वंदना बसेल का?"

"घालून बघू," मी म्हटलं. "पण घालताना छान वाटला, तर देणार नाही."